हसताय ना? मग घ्या घोट!

भाचा पुण्याहून सुट्टीला आला आणि येताना एक खूळ घेऊन आला. त्यांच्या होस्टेलवर म्हणे रात्री 'फ्रेंड्स' लावतात. १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं चाललेली अमेरिकन मालिका, भाग २३६. त्यातला जोई "हाऊ यू डुइन" म्हणाला की सगळ्यांनी एक घोट घ्यायचा. रॉसनं "वी वेअर ऑन अ ब्रेक"चं रडगाणं लावलं की दोन.

"आणि घोट कशाचा?" मी विचारलं.

भाचा पंख्याकडं बघत म्हणाला, "कोल्ड्रिंकचा, मामा."

खेळ मला आवडला. आमची चौकडी दर शनिवारी आमच्या घरी जमतेच. तात्या, सर, डॉक्टर (जनावरांचे) आणि मी. नाहीतरी दोन तास उसाच्या बिलावर बोलून उठतो. पण जोईचं इंग्रजी तात्याला कळायला आणखी एक जन्म लागला असता, म्हणून मी मालिका बदलली आणि 'चला हवा येऊ द्या' लावायचं ठरवलं. २०१४ ला सुरू झालेल्या त्या थुकरटवाडीनं आमच्या घरातले कितीतरी सोमवार-मंगळवार जेवणासकट खाल्लेले आहेत. जुने भाग मोबाईलवरून टीव्हीवर लावता येतात, ते काम भाच्याकडं दिलं.

राहिला पिण्याचा प्रश्न. मराठवाड्यात बिअरला तोटा नाही, वाळूजला कारखानेच आहेत. पण महाराष्ट्रात बिअरला वय २१ लागतं आणि दारूला २५. भाचा २० चा. शिवाय प्यायला परवानाही लागतो. विदेशी दारूचा एका दिवसाचा परवाना ५ रुपयांत मिळतो, असं सरांनी सांगितलं. ते नागरिकशास्त्र शिकवायचे. पण त्या परवान्यावर माझ्या आईची सही चालत नसल्यानं त्याचा काही उपयोग नव्हता. त्यात तात्याच्या गळ्यात माळ, सरांना शुगर आणि डॉक्टरांचा शनिवार.

शेवटी ताक ठरलं. बायकोनं पाच लिटरचं पातेलं भरून घुसळलं. वरून जिरं, हिंग, कोथिंबीर, आल्याचा रस. पेले माळ्यावरून काढले, आजोबांच्या तेरव्याला वाटून उरलेले. त्यामुळं प्रत्येकाच्या हातात 'स्मरणार्थ' होतं. डॉक्टरांनी पेला फिरवून तारीख वाचली आणि म्हणाले, "बघता बघता एकोणीस वर्षं झाली की." पार्टीची सुरुवात अशी झाली.

नियम मी लग्नपत्रिकेच्या पाठीमागं लिहिले. निलेश साबळे "हसताय ना? हसायलाच पाहिजे!" म्हणाले की एक घोट. पोस्टमन आला की एक. पुरुष नट साडी नेसून आला की दोन. भारत गणेशपुरे वऱ्हाडी बोलायला लागले की एक. आणि शेवटी, पत्रिकेवर जागा उरली होती म्हणून, 'समोर बसलेले पाहुणे हसताना दाखवले की एक.'

या पाचव्या नियमानं घात केला. इतकी वर्षं कार्यक्रम बघूनही एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. त्यात विनोद एक असतो आणि त्यावर हसणारे पाहुणे चार-पाच. कॅमेरा नायकावर जातो, तो हसतो. मग नायिकेवर, मग दिग्दर्शकावर, मग पुन्हा नायकावर, तो आता डोळे पुसत असतो. सिनेमाचं प्रमोशन करायला आलेला माणूस न हसून सांगतो कुणाला? सर पत्रिका हातात घेऊन पंचासारखे बसले होते. "दिग्दर्शक हसले. घोट." "पुन्हा हसले. घोट."

"आरं, ह्या माणसाला घरी काई टेन्शन नाई का?" तात्या म्हणाला.

त्यात भाऊ कदम साडीत आले. दोन घोट. त्यांच्या साडीवर पाहुणे हसले, आणखी तीन. पदर सावरताना भाऊ स्वतःच हसले. यासाठी नियम नव्हता, तरी डॉक्टरांनी घोट घेतला. मोठ्या मनाचा माणूस.

अर्ध्या तासात पातेल्याचा तळ दिसला. बायकोनं पाणी वाढवून वेळ निभावली. कुणी चढून बोलेल, कुणी जुनी भांडणं काढील, अशी मला धास्ती होती. ताकानं तसलं काही होत नाही. माणूस आधी शांत होतो, मग विचारात पडतो आणि मग उठून "जरा आलोच" म्हणतो.

पहिल्यांदा सर उठले. परत येऊन टेकतात न टेकतात तोच तात्या. मग डॉक्टर. मग पुन्हा सर. संडासातून बादली ओतल्याचा आवाज आला की आतल्या खोलीत माझी आई दचकायची. हे लातूर आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आम्हाला पाणी आलं, पहिल्या खेपेला १० वाघिणींतून साधारण ५ लाख लिटर, आणि आम्ही स्टेशनवर वरात आल्यासारखं ते बघायला गेलो होतो. धनेगावचं धरण नंतर भरलं, आईचा हिशोब मात्र त्या उन्हाळ्यातच थांबलाय. पाहुण्याला ती किती जेवला विचारत नाही, किती मग ओतले ते मोजते. भाच्याच्या खेळात एक घोट म्हणजे एक घोट. आमच्याकडं एका घोटामागं आत जाणारं पाणी वेगळं आणि त्यापायी संडासात ओतायचं वेगळं. असं दुहेरी मोजून कुणी पार्टी ठेवत नाही.

नळाला पाणी येऊन सात दिवस झाले होते. आईनं उठून प्लास्टिकच्या पिंपात काठी घालून पाहिली आणि ओली खूण बोटानं मोजत दारात आली.

"कामून इतकं पाजायलास रे ह्यांना?"

"खेळ आहे, आई."

"ह्याला काय खेळ म्हणत्यात? जुलाब झालेल्या माणसाला असं पाजत्यात." मग पाहुण्यांकडं वळून मऊ आवाजात, "बसा बसा. घाई नाई. पण बारी लावून जावा."

तेवढ्यात साबळेंनी विचारलं, "हसताय ना?" कुणीच हसत नव्हतं. तरी चौघांनी पेले उचलले, नियम तो नियम. भाचा मोबाईलमध्ये तोंड घालून खिदळत होता. त्याचा पेला पहिल्यापासून भरलेला होता, हे सरांना आत्ता दिसलं.

सरांनी तोंड उघडलं आणि गल्लीतून आरोळी आली, "नळ आलेऽऽ!"

मग कसला पंच आणि कसला नियम. रात्रीचे सव्वाअकरा. आईनं हंडे काढले, बायकोनं मोटर लावली. डॉक्टर एका हातानं पोट धरून बादल्या पुढं सरकवत होते. सर गच्चीवरून "टाकी अर्धी झाली!" म्हणून ओरडत होते. तात्या अंगणात पिंपाच्या तोंडाशी पाइप दोन्ही हातांनी गच्च धरून उभा. वाहत्या पाण्याच्या आवाजानं त्याच्या चेहऱ्यावर जे काही चाललं होतं ते मी इथं लिहीत नाही.

घरात टीव्ही तसाच चालू होता. खिडकीतून पाहुण्यांचा हशा ऐकू आला.

"माझा घोट बाकी मांडून ठेव," तात्या म्हणाला, "आन आधी हा पाइप धर."