गाडीतली बाई आणि दोन खेड

परवा एका मैत्रिणीचा फोन आला, नवीन गाडी बुक करतेय, टॉप मॉडेल घेऊ का, त्यात नेव्हिगेशन इनबिल्ट आहे म्हणे. तिला अर्धा तास जे ऐकवलं तेच इथे लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी कोणी विचारलं की पोस्ट पाठवली आणि मी मोकळी.

माझी गाडी 2019 ची. मधलं मॉडेल पुरलं असतं खरं तर, पण शोरूममधल्या पोराने ती मोठी स्क्रीन लावून दाखवली, त्यावर आमची सोसायटी, सोसायटीसमोरचं किराणा दुकानसुद्धा दिसलं आणि नवरा म्हणाला घे. लाखभर जास्त गेले. तीन वर्षं मॅप अपडेट फ्री, त्यानंतर काय, हे मीही विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

माझं माहेर दापोली तालुक्यात. गाडी आल्यावर पहिल्याच ट्रिपला हौसेने पहिला टप्पा म्हणून खेड टाकलं, म्हणजे आमचं रत्नागिरीतलं. नेव्हिगेशनमधून बोलणाऱ्या बाईंनी ऐटीत रूट काढला आणि आम्ही चाकणच्या दिशेला लागलो. खेड म्हणजे राजगुरुनगर! आता पुण्यात राहून पुण्याचं खेड दाखवलं यात तिची चूक नाही म्हणा, पण यादीत दोन्ही खेड एकाखाली एक, फक्त खेड, खेड, जिल्हा बघायचा तर आत जाऊन आणखी एक बटण दाबायचं. आपल्याकडे गावांची नावं म्हणजे वर्गात पाच स्वप्नील असतात तशी. कर्जत रायगडला आणि कर्जत नगरकडे. वडगाव तर विचारूच नका, मावळ, शेरी, धायरी, त्यात परत बुद्रुक आणि खुर्द, म्हणजे थोरलं आणि धाकटं, जुन्या लोकांनी फारसीतून उचलून छान सोय करून ठेवली होती. पण इंग्रजी कीबोर्डवर वडगाव डब्ल्यूने लिहायचं की व्हीने, शेवटी एन आहे की नाही, यातच सिग्नल सुटतो. आणि गाडी सुटली की कीबोर्ड लॉक. सुरक्षिततेसाठी, मान्य आहे, पण शेजारी बसलेला रिकामटेकडा माणूस टाइप करू शकतो हे त्या गाडीला कोण सांगणार? बोलून सांगायची सोय आहे, मी तिला म्हाप्रळ म्हणून दाखवलं, तिने मला कुठल्यातरी महापौर बंगल्याची यादी दिली.

दुसरी गोष्ट वरंधची. जुलै महिना, बाबांच्या डोळ्यांची तपासणी होती म्हणून त्यांना आणायला निघाले. गाडीने भोरवरून वरंध घाटातून महाड असा रस्ता काढला. मला खरं तर तिथेच कळायला हवं होतं. वरंधमध्ये पावसाळ्यात दरड येते, रस्ता खचतो, मग कलेक्टरचा आदेश निघतो, पेपरला येतं, कोकणात घर असलेल्या प्रत्येकाला हे माहीत असतं. पण स्क्रीनवर निळी रेघ दिसली की डोक्याचा तो भाग झोपतो, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. भोरच्या पुढे बॅरिकेड, एक पोलीस छत्री घेऊन उभा. काच खाली केली तर म्हणाला, "ताई, पेपर वाचत नाही का?" मागे बाई शांतपणे सांगतायत, कंटिन्यू स्ट्रेट. तिथून उलटं येऊन ताम्हिणीने जाईपर्यंत अख्खी दुपार गेली.

घरी पोचल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "निघायच्या आधी मला फोन करायचास ना गं."

नंतर कळलं की सेटिंगमध्ये रूट शॉर्टेस्टवर होता. म्हणजे किलोमीटर कमी तो रस्ता, मग तो घाट असो, कच्चा असो, कोणाच्या वाडीतून जाणारा असो. फास्टेस्ट केलं, कच्चे रस्ते टाळा हेही टिक केलं, तेव्हापासून बाई बऱ्याच माणसात आल्या. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी आज रात्री पार्किंगमध्ये जाऊन हे एक बघून घ्या, बाकी पोस्ट नाही वाचली तरी चालेल.

आणि हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. जानेवारी 2021 मध्ये अकोले तालुक्यात कोतूळचा पूल धरणाच्या पाण्याखाली असताना रात्री एक गाडी नकाशा बघत सरळ पाण्यात गेली, एक जण बुडाला. तो पूल वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो हे गावातल्या पोराटोरांना ठाऊक, नकाशाला नव्हतं.

मग इतकं सगळं असून मी ते वापरतेच का? तर ताम्हिणीमुळे. मुळशी सोडलं की फोनची रेंज येते जाते, घाटात तर बऱ्याच ठिकाणी नसतेच, आणि नेमकं तिथेच रस्ता चुकला की फोनमधला मॅप गोल गोल फिरत बसतो. ऑफलाइन मॅप आधीच उतरवून ठेवता येतो, हो, माहितीये, किती जण ठेवतात? गाडीचा नकाशा गाडीतच असतो, तिला रेंजची गरज नाही, डोक्यावरचे सॅटेलाइट दिसले की झालं. आणि सॅटेलाइट नाही दिसले तरी ती लगेच हातपाय गाळत नाही. एक्स्प्रेसवेच्या बोगद्यांमध्ये बघा, फोनचा बाण बरेचदा अडकतो, गाडीचा चालू राहतो, कारण ती चाकांचे फेरे मोजते आणि गाडी किती वळली ते आतल्या जायरोवरून, म्हणजे वळण मोजणाऱ्या यंत्रावरून, ओळखते. ही आयडिया सॅटेलाइटच्याही आधीची आहे. होंडाने 1981 साली जपानात जे यंत्र गाडीत बसवलं होतं त्यात सॅटेलाइट नव्हताच, गॅसचा जायरो आणि चाकांचा हिशोब एवढ्यावर काम, आणि स्क्रीनवर पारदर्शक नकाशाचे कागद सरकवायचे, एक कागद संपला की ड्रायव्हरनेच पुढचा लावायचा. मला ते फार आवडलं वाचून. निदान कागद जुना झालाय हे हातात घेतल्यावर कळत तरी असेल.

शिवाय एप्रिलच्या उन्हात डॅशबोर्डवर फोन लावून दाखवा, महाडपर्यंत तापून चार्जिंग बंद होतं. गाडीची स्क्रीन तापत नाही, मध्येच व्याह्यांचा फोन आला म्हणून नकाशा झाकला जात नाही, आणि वळण आलं की बाण स्टिअरिंगसमोरच्या मीटरमध्ये दिसतो, मान वळवावी लागत नाही. हे फायदे खरे आहेत, ते नाकारून उगाच शहाणपणा दाखवायचा नाहीये मला.

खरा राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. गाडी चालणार दहा-पंधरा वर्षं, नकाशा तीन वर्षांत शिळा, आणि आपल्याकडे तर रस्ते असे उगवतायत की वर्षभरातच शिळा. पोलादपूर आणि खेडच्या मधला कशेडीचा बोगदा 2023 च्या गणपतीत एका बाजूने सुरू झाला. माझा नकाशा त्याच्या आधीचा. मी बोगद्यात शिरले आणि बाईंची जी घालमेल झाली! तिला बोगदाच माहीत नाही, ती बाण ओढून ओढून जुन्या घाटाच्या रस्त्याला चिकटवतेय, कारण जवळचा ओळखीचा रस्ता तोच. मी सरळ चाललेय, तिच्या हिशोबाने मी एक वळण चुकवलं, दोन वळणं चुकवली, शेवटी बाण हिरव्या डोंगरावर एकटा तरंगायला लागला आणि आवाज आला, यू-टर्न घ्या. बोगद्यात! बाबा शेजारी बसून पोट धरून हसत होते. अमरावतीला मावशीकडे समृद्धीने गेलो तेव्हा तर तासन् तास आम्ही शेतातूनच गेलो, स्क्रीनवर रस्ता नावाची गोष्ट नाही. 701 किलोमीटरचा अख्खा हायवे होऊन जून 2025 मध्ये पूर्ण सुरूही झाला, माझ्या गाडीला पत्ता नाही. संभाजीनगर टाकलं तर काही सापडत नाही, औरंगाबाद टाकावं लागतं, धाराशिवचं तेच.

म्हणून सर्व्हिसिंगला गेले तेव्हा विचारलं, मॅप अपडेट करून द्या. आधी तिथे कोणालाच कळेना, एकाने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. मग म्हणाले नवीन कार्ड मागवावं लागेल, पाच आकडी खर्च, यायला किती दिवस लागतील सांगता येत नाही, आणि आलं तरी त्यात बोगदा असेलच असं नाही. तिसरा जो होता त्याने हळूच सांगितलं, "मॅडम, कशाला, केबलने फोन कनेक्ट करा ना, सगळे तेच करतात."

म्हणजे बघा, ज्याच्यासाठी लाखभर जास्त घेतले ते वापरू नका असं विकणाऱ्याच्याच घरचा माणूस सांगतोय, आणि तो बिचारा बरोबरच सांगतोय. टायर झिजले तर आपण बदलतो कारण ते कुठेही मिळतात. नकाशा मात्र एकाच दुकानात, तोही तिथल्या लोकांना सापडला तर. गाडी जितकी वर्षं चालेल असं विकताना जाहिरातीत दाखवता तितकी वर्षं नकाशा द्या, नाहीतर सरळ लिहा की हे तीन वर्षांचं भाडं आहे. मागणी एवढीच आहे.

मैत्रिणीला मी सांगितलं, एअरबॅगसाठी टॉप घेत असशील तर घे, नेव्हिगेशनसाठी एक रुपया जास्त देऊ नकोस, आणि घेतलंसच तर अपडेट किती वर्षं, किती रुपयांत, हे बुकिंगच्या कागदावर लिहून घे, तोंडी नको.

माझं आता ठरलेलं आहे. पुणे ते मुळशी फोन, ताम्हिणीत गाडी, माणगावपासून खेडपर्यंत आवाज म्यूट, आणि पावसाळ्यात निघायच्या आधी बाबांना फोन. ज्यांच्या नव्या गाडीत नकाशा आपोआप नेटवरून अपडेट होतो म्हणे, त्यांनी जरा पोलादपूर ते खेड रूट टाकून कशेडीचा बोगदा दिसतो का बघा आणि खाली लिहा. खेड निवडताना जिल्हा बघून.