120 तासांत बसवा

दर शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसात सामुदायिक कथालेखन चालतं. त्याला टाइमशीट, म्हणजे कोणत्या कामाला किती तास गेले त्याचा तक्ता, भरणं म्हणतात. सोमवारी काय केलं ते कुणाला आठवत नसतं, पण पाचही रकान्यांत 8.00 दिसलंच पाहिजे. मग कॅलेंडर उघडायचं, मीटिंगा मोजायच्या, उरलेले तास दोन टास्कवर वाटून टाकायचे. कुठेच बसत नसेल तर 'इतर' आहेच. (एकेकाळी 'इतर' हाच आमचा सगळ्यात मोठा प्रोजेक्ट होता.)

मी आधी भरणारा होतो, मग मंजूर करणारा झालो. टाइमशीट बंदच करा म्हणणाऱ्यांत मी नाही. पण त्याची वाट लावतात ते भरणारे नव्हे, मंजूर करणारे. माझंच सांगतो.

एका कामाचा अंदाज मी 120 तासांचा दिला होता. रक्कम ठरलेली. काम गेलं 190 तासांवर. जुना डेटा आणताना असा काही गोंधळ निघाला की विचारू नका. महिनाअखेरीला वरून प्रश्न यायला नकोत म्हणून मी टीमला म्हणालो, "120 च्या आत बसवा." पोरांनी बसवलं. दोन शनिवार गायब झाले, रात्रीचे तास गायब झाले, रिपोर्ट हिरवागार.

काही महिन्यांनी तसंच दुसरं काम आलं. अंदाज कशावरून काढणार? जुना प्रोजेक्ट उघडला. तिथे 120. मीच लिहायला लावलेला आकडा मीच खरा मानला आणि पुन्हा 120 दिला. तीच पोरं, पुन्हा शनिवारी ऑफिसात.

चीड याची येते की सॉफ्टवेअरने हे मागितलंच नव्हतं. ईआरपीनेक्स्ट या कंपनीचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या टाइमशीटमध्ये प्रत्यक्ष तास आणि बिलाचे तास हे दोन वेगळे रकाने आहेत. लागले 190, बिल 120 चं, असं सरळ लिहिता येतं. दरही दोन असतात, एक आपल्याला पडणारा, एक क्लायंटला लावायचा. म्हणजे तोटा कुठे झाला ते दिसायची सोय आहे. ते दिसू नये ही इच्छा आमची.

त्या पडणाऱ्या दरातही गंमत असते. पगाराला महिन्याच्या तासांनी भागलं की झालं, असं बरेच जण धरून चालतात. सुट्ट्या, ट्रेनिंग, दोन प्रोजेक्टांमधले रिकामे दिवस यांचा पगार कोण भरतं? तो दर कमी धरला की तोट्यातलं कामही कागदावर नफ्यात दिसतं.

बारकाव्याचा हट्टही नको. वकिलांच्या फर्ममध्ये 6 मिनिटांचे तुकडे मोजतात, कारण 6 मिनिटं म्हणजे 0.1 तास आणि बिल त्यावरच बनतं. ठरलेल्या रकमेच्या कामात अर्ध्या तासाची नोंद पुष्कळ झाली. टास्कही मोजके ठेवा. चाळीस नावांच्या यादीतून माणूस पहिलं दिसेल ते निवडतो.

आणि कृपा करून हे आकडे अप्रेझलला नेऊ नका. 'तुला याला 9 तास कसे लागले?' असं एकदा विचारलंत की त्यानंतर कुणालाच 9 तास लागत नाहीत. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 14 मे 2019 ला कंपन्यांनी रोजचे कामाचे तास मोजण्याची व्यवस्था ठेवावी असा निकाल दिला, तो कामगारांच्या विश्रांतीच्या हक्कासाठी. जादा तास नोंदलेच नाहीत तर ते मागणार कशाच्या जोरावर?

आता मी रोज निघताना दोन मिनिटांत भरायला सांगतो आणि आठवडाभर सगळीकडे नेमके 8.00 दिसले की शीट परत पाठवतो. सुरुवातीला शिव्या खाल्ल्या. गेल्या आठवड्यात एकाची नोंद आली: 'पेमेंटची जोडणी का तुटतेय ते शोधलं, सापडलं नाही, 5.5 तास.' मंजूर केली. पुढच्या कोटेशनमध्ये त्या जोडणीसाठी एक दिवस जास्त धरलाय.