घोड्याचे उपकार आणि वकिलांचा बेरिंग

सर्पदंशावर देतात त्या सीरमची, म्हणजे घोड्याच्या रक्तातून काढलेल्या विषावरच्या औषधाची, एक बातमी सगळ्यांनीच वाचलेली असल्यामुळे काल कट्ट्यावर चहा येण्याआधीच वाद पेटला. वकिलांनी नेहमीप्रमाणे निकाल देऊनच सुरुवात केली की, सीरमचा जनक एकच, जर्मन शास्त्रज्ञ एमिल फॉन बेरिंग, आणि 1901 चे वैद्यकशास्त्रातले पहिले नोबेल हा त्याचा पुरावा.

"पुरावा पारितोषिकाचा आहे, कामाचा नाही," मास्तर शांतपणे म्हणाले. धनुर्वाताचे जंतू 1889 मध्ये शुद्ध स्वरूपात वाढवून दाखवले ते त्याच्या जपानी सहकाऱ्याने, कितासातोने. डिसेंबर 1890 मध्ये बर्लिनहून दोघांच्या नावे जो लेख निघाला, त्याच्या शीर्षकात घटसर्प (डिप्थेरिया) आणि धनुर्वात दोन्ही असले तरी आत मांडलेले प्रयोग धनुर्वाताचेच होते. आठवड्याभराने बेरिंगने घटसर्पावर एकट्याच्या नावाने लेख छापला, हे वकिलांनी टेबलावर बोट आपटून सांगितले, तेव्हा मास्तर म्हणाले, "म्हणजे आधी भागीदारी आणि मग वाटणी."

माझे मत विचाराल तर खरी गोष्ट पॅरिसची आहे. 1894 मध्ये एमिल रू याने घोड्यांना घटसर्पाचे विष थोडे थोडे वाढवत टोचले, मानेच्या शिरेतून रक्त काढले आणि ते गोठल्यावर वर उरणारे पिवळसर पाणी मुलांना दिले. (दह्यावर निवळ सुटते तसे, हे मास्तरांनी चहावाल्याच्या पातेल्याकडे बोट दाखवत समजावले, त्यामुळे चहावाला दुखावला.) तिथल्या मुलांच्या रुग्णालयात घटसर्पाची निम्म्याहून अधिक मुले दगावत असत, ते प्रमाण जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर आले.

"आणि सेंट लुईस?" नानांनी विचारले. 1901 मध्ये अमेरिकेतल्या त्या शहरात जिम नावाच्या घोड्याला धनुर्वात झाला होता, तरी त्याचे घटसर्पावरचे सीरम वाटले गेले आणि 13 मुले गेली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत अशा औषधांवर देखरेखीचा कायदा झाला. काही क्षण कोणीच बोलले नाही.

नानांना हा विषय जवळचा, कारण कोकणात फुरसे चावल्यावर त्यांना सीरम मिळाले, जीव वाचला आणि आठ-दहा दिवसांनी अंगभर पित्ताच्या गांधी उठून सांधे धरले. परक्या प्राण्याच्या प्रथिनांवर शरीर असे चिडते, हे पिर्के आणि शिक या डॉक्टरांनी 1905 मध्येच मांडले होते, असे मास्तरांनी सांगितले. पण वकिलांनी "तेव्हापासून नाना हरभऱ्याकडे पाहून खिंकाळतात" असा शेरा मारून ते शास्त्र संपवले.

वकील हसत असतानाच मास्तरांनी चष्मा पुसत विचारले, "कॉलेजच्या भित्तिपत्रकातला तो घटसर्पावरचा लेख आठवतो? लिहिला मी, खाली नाव तुमचे. बेरिंगची बाजू तुम्ही का घेता, ते आज कळले."

यावर वकिलांनी मुदत मागितली, आणि नाना खरोखरच खिंकाळले.