बालीच्या भातखाचरात व्हिला बांधू पाहणाऱ्यांस हिताचे चार शब्द

पुण्यात वन बीएचके घेताना तुम्ही तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढता, 'ओसी कधी येणार' म्हणून बिल्डरचं डोकं खाता, पार्किंगच्या चार फुटांवरून सोसायटीत भांडता. बालीत यातलं काहीही करू नका. चौथ्या दिवशी, शहाळं पिता पिता, समोरच्या हिरव्यागार खाचरांकडे बघताना 'इथेच राहिलं पाहिजे' असं आतून वाटेल. तोच टोकन द्यायचा मुहूर्त.

पर्यटकांचं लाडकं किनारी गाव चांगू आता भरलं. त्यामुळे एजंट तुम्हाला पश्चिमेकडे नेईल: पेरेरेनान, सेसेह, मग तबानन जिल्ह्यातलं केदुंगू. प्रत्येक गाव हे 'पुढचं चांगू' असतं. जमिनीचं माप तिथे 'आर'मध्ये सांगतात. घाबरू नका, सातबाऱ्यावर 'हे.आर.' लिहितात त्यातलाच हा आर: 100 चौरस मीटर, गुंठ्याहून नखभर कमी. मात्र भाडेपट्ट्याचा दर आराला, दर वर्षाला असतो, आणि सगळी वर्षं आधीच मोजून द्यायची असतात. समजा दर 1 कोटी रुपिया ठरला. 5 आर, 25 वर्षं, म्हणजे 125 कोटी रुपिया. एका रुपयाला अदमासे 185 रुपिया धरले तर 67 लाख रुपयांच्या वर. एवढ्या पैशांत 25 वर्षांनी हातात काय राहतं, हा प्रश्न मनात आला तर आणखी एक शहाळं मागवा. मुदत वाढवता येईल का? करारात 'प्राधान्याने, त्या वेळच्या बाजारभावाने' असं लिहिलेलं असतं. म्हणजे दुकानदाराने 'या पुन्हा' म्हणावं, तसं.

भाड्याने घेणं कमीपणाचं वाटत असेल तर मालकच व्हा. पूर्ण मालकीला तिथे 'हाक मिलिक' म्हणतात. हाक म्हणजे आपला हक्कच, त्यामुळे शब्द घरचा वाटतो, फक्त तो हक्क परदेशी माणसाला मिळत नाही. 1960 च्या कृषी कायद्याचं कलम 21 तसं स्पष्ट सांगतं. पण शेतकरी दाखला नसताना गावाकडच्या मामाच्या नावावर शेत घेण्याची थोर परंपरा असलेल्यांना कलमाचं काय! एखाद्या वायानच्या नावावर जमीन घ्यायची. (वायान हे पहिल्या अपत्याचं नाव. पुढे मादे, न्योमान, कतुत. गावात वायान नावाचे कितीतरी असतात, निवडीला वाव आहे.) मग त्याच्याकडून कागद करून घ्यायचे: त्याने तुमच्याकडून कर्ज घेतल्याचा, जमीन तारण ठेवल्याचा, परत न घेता येणाऱ्या कुलमुखत्यारपत्राचा आणि तुम्हालाच दिलेल्या भाडेपट्ट्याचा. चार कागद झाले की माणसाला गाढ झोप लागते. त्याच कायद्याचं कलम 26 झोपमोड करणारं आहे, ते वाचू नका. असा आडवळणाचा व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत, असं त्यात लिहिलंय. शिवाय वायान मरतो, त्याचा घटस्फोट होतो, त्याला भाऊ असतात. भावकी म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

सरळ मार्गाने जायचं तर परदेशी गुंतवणुकीची कंपनी काढता येते, तिच्या नावावर बांधकामाचा हक्क घेता येतो. त्यासाठी जमीन आणि इमारत सोडून 10 अब्ज रुपियांहून जास्त गुंतवणुकीचा आराखडा दाखवावा लागतो, म्हणजे आपले साडेपाच कोटींच्या घरात. एवढे पैसे असलेला माणूस हा लेख वाचत नसेल, म्हणून पुढे जाऊ.

जागेचा रंग विचारू नका. तिथल्या विकास आराखड्यात प्रत्येक तुकड्याला रंग असतो. निवासी पिवळा, पर्यटनाचा गुलाबी, शेतीचा हिरवा. हिरवा स्वस्त असतो आणि त्यातूनच देखावा सगळ्यात सुंदर दिसतो, कारण तिथे अजून कुणी बांधलेलं नसतं. एजंट सांगेल, 'दोन वर्षांत रंग बदलणार आहे.' एनए होणारच म्हणून आपल्याकडे किती जणांनी प्लॉट घेतले, आठवा आणि विश्वास ठेवा. 2025 च्या जानेवारीत उबुदमधलं एक मोठं संकुल भातशेतीच्या जमिनीवरून प्रशासनाने बंद केलं, जुलैत बिंगिन किनाऱ्यावर हातोडे पडले. असल्या बातम्या वाचून मूड घालवू नये. ज्याला फारच शंका, त्याने टोकन देण्याआधी त्या भूखंडाचा वापर लेखी काढावा आणि मूळ प्रमाणपत्र भूमी कार्यालयातल्या नोंदीशी ताडून बघावं. काही दिवसांचं काम आहे, त्यामुळे कुणी करत नाही.

आता बांधकाम. इथे जरा रेंगाळू, कारण पैसा खरा इथेच जिरतो, पाणी मात्र जिरत नाही. खाचर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी केलेली जमीन. वरच्या मऊ मातीखाली वीतभर-दीड वीतभर खोलीवर एक घट्ट थर बसलेला असतो. पाणी उभं राहावं म्हणूनच तो शेतकऱ्याने तयार केलेला असतो. तुम्ही त्यावर भराव टाका, एक पावसाळाही बसू देऊ नका, आणि लगेच पाया घ्या. दुसऱ्या वर्षी भिंतीला कोपऱ्यातून तिरकी भेग पडेल. ती भूकंपाची समजून चालायचं. शोषखड्डा तर अवश्य त्याच मातीत करा: सांडपाणी खाली जायचं नाकारून अंगणात वर येईल, आणि भाड्याने उतरलेला पाहुणा अभिप्रायात 'निसर्गाच्या जवळ' असं लिहील. पोहण्याचा तलाव हवाच. तो साफ करायला भर पावसाळ्यात, जानेवारी-फेब्रुवारीत, पूर्ण उपसा. खालचं भूजल चढलेलं असतं, आतलं पाण्याचं वजन गेलेलं असतं, आणि रिकामा तलाव होडीसारखा वर उचलला जातो. तळाखाली खडीचा थर आणि दाब सोडणारी झडप बसवली तर ही मजा बघायला मिळत नाही.

छप्पर आलांग-आलांग गवताचंच करा, फोटोत छान येतं. उतार 45 अंशांपेक्षा कमी ठेवा म्हणजे पाणी मुरेल, गवत कुजेल आणि काही वर्षांत पुन्हा शाकारण्याचा आनंद मिळेल. वाळवीला साधं लाकूड आवडतं, तिची आवड जपा. वीजजोडणी 2,200 व्हीएची (व्होल्ट-अँपिअर) घ्या. दोन एसी लागले, पंप सुरू झाला आणि पाहुण्याने किटली लावली की घर अंधारात जातं, तारे स्पष्ट दिसतात. मीटर प्रीपेड असेल तर पैसे संपत आल्यावर तो पहाटे तीनला टूं-टूं करतो. तेव्हा 20 आकडी क्रमांक न चुकता दाबायचा.

पाण्याबद्दल मात्र कुणालाच विचारू नका. तुमच्या कुंपणाशेजारून जाणारा तो 'छान झुळझुळणारा ओहोळ' सुबाकचा पाट असतो. सुबाक म्हणजे एका पाण्यावर भिजणाऱ्या शेतकऱ्यांची संघटना. तिचा प्रमुख पेकासेह, तिची देवळं, तिचं पेरणीचं वेळापत्रक. आपल्याकडे पांझरेच्या काठी फड पद्धतीत पाटकरी पाण्याची पाळी सांभाळायचा, त्याच जातकुळीची ही गोष्ट, फक्त इथे देऊळही हिशेबात आहे. 2012 मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हटलं. त्याआधी 1970 च्या दशकात हरितक्रांतीच्या अधिकाऱ्यांनाही ती खुळचट वाटली होती. ज्याने त्याने जमेल तितक्यांदा भात लावा, असा आदेश निघाला. परिणामी तुडतुडे आणि टुंग्रो रोगाने पिकं झोपली, कारण सगळ्या खोऱ्याने एकाच वेळी जमीन पडीक ठेवली तरच किडीला उपाशी मरावं लागतं. मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी पुढे हे उलगडून दाखवलं. तुम्ही तेवढं वाचत बसू नका. पाट बुजवून त्यावर गाडी लावायची जागा करा. खालच्या बाराजणांचं भात वाळलं की पेकासेह स्वतः भेटायला येईल, आयती ओळख होईल.

गावाशीही फटकूनच राहा. बंजारची (वाडीच्या पंचायतीची) वर्गणी म्हणजे खंडणी आहे असं समाजमाध्यमांवर इंग्रजीत लिहा. रस्ता नीट नसेल तर बांधावरून तीन चाकी तरी जाईल का हे करार झाल्यावर बघा. ट्रक दूरवर उभा राहतो आणि तिथून वाळू डोक्यावरून येते, तिचा भाव वेगळा. वाटेचा हक्क शेजाऱ्याकडून वेगळा घ्यावा लागतो. तो विकताना शेजाऱ्याला तुमच्या भिंती किती वर आल्यात हे दिसत असतं. आणि ज्या देखाव्यासाठी एवढं केलं, तो समोरच्या खाचराचा. ते खाचरही कुणीतरी 25 वर्षांसाठी घेतोच, त्यालाही देखावा हवा असतो. देखावा वाचवायचा एकच खात्रीचा उपाय: समोरचं खाचरही भाड्याने घ्या आणि त्यात भात लावा. दर वर नमूद केलाच आहे.

परताव्याचा तक्ता एजंट देतो, तो फ्रेम करून लावा. त्यात घर वर्षभर भरलेलं असतं, आणि देखभाल करणारी कंपनी, बुकिंगच्या संकेतस्थळाचं कमिशन, तलावाची रसायनं, भाड्यावरचा 10 टक्के कर ही ओळ छापायची राहून गेलेली असते. कामगारांना सणाआधी एक महिन्याचा पगार जास्तीचा द्यावा लागतो, आपल्या दिवाळी बोनससारखा, पण तिथे तो कायद्याने. गालुंगान हा तिथला मोठा सण दर 210 दिवसांनी येतो, तेव्हा सगळे गावी. न्येपीला तर विमानतळही 24 तास बंद, दिवे बंद, 2018 पासून मोबाइल इंटरनेटही बंद. हे त्यांचं शक नववर्ष, आपल्या पाडव्याच्या आगेमागेच येतं. 2026 मध्ये तर दोन्ही 19 मार्चलाच, आणि शकही दोघांचा 1948. त्या दिवशी गुढी उभारायला बाहेर पडलात तर पेचालांग, म्हणजे गावचे राखणदार, नम्रपणे आत पाठवतील.

इकडे रिझर्व्ह बँक माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवू देते, 10 लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेऊन. आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेची अनुसूची भरायची असते. तिथे काय लिहिणार ते आत्ताच ठरवा: जमीन वायानची, पैसे तुमचे, आणि सीएला बालीचा फोटो दाखवून झालेला.

शेवटच्या वर्षी घर रंगवून घ्या. करारात 'सुस्थितीत परत' असं लिहिलेलं असतं. तलावही दुरुस्त करून द्या, कापणीनंतर मालकाची बदकं खाचरात हिंडतात, त्यांना पोहायला खोल पाणी लागतं.