यादीत नसलेली घरं

‘मच्छीमार नाहीच म्हणणार, मग त्यांना विचारायचं कशाला?’ मालवणच्या सागरी अभयारण्याचा विषय निघाला की गावाकडची शिकलीसवरलेली माणसं हे हमखास ऐकवतात. पाणबुडे पाठवा, प्रवाळ मोजा, नकाशावर रेघ ओढा. अहो, १९८७ साली ओढलीच होती की! २९.१२ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात. मच्छीमारांचा विरोध काही त्यानं मिटला नाही.

इकडे फिजीत रीफवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या प्रवाळखडकावर, कोण किती मासे मारतं याचा सर्वे करायचा तर पहिला खर्च अर्धा किलो ‘वाका’चा, म्हणजे कावाच्या मुळांचा. ती गावाच्या प्रमुखापुढे ठेवून परवानगी मागायची, याला म्हणतात सेवुसेवु. तो झाल्याशिवाय प्रश्नावली पिशवीतून बाहेर काढायची नाही, आणि रविवारी गावात पाऊल टाकायचं नाही. हे सांगितलं की तिकडे हसतात. देवळात गाऱ्हाणं घालायला नारळ लागतो, मग वाडीत शिरताना का नको?

मान दिला म्हणजे सर्वे बरोबर येतो असं मात्र नाही. तुरांगा नि कोरो, म्हणजे गावचा कारभारी, घरांची यादी देतो, ती गावाची. बाहेर लीजच्या जमिनीवरची भारतीय वंशाच्या फिजीकरांची घरं तीत नसतात, आणि त्याच रीफवर परवाना काढून मासे मारणारे तिथंही राहतात. म्हणून यादी आधी पायी फिरून पुरी करायची, मगच चिठ्ठ्या काढायच्या. १०० घरं असतील तर ८०, २०० असतील तर १३०च्या आसपास घेतली की आकडे पाच टक्के इकडेतिकडे, त्यापलीकडे सहसा जात नाहीत. ‘भेटेल त्याला विचारू’ म्हटलं की भेटतात ते सावलीत बसलेले पुरुष.

वेळ ठरवायची ती ओहोटी बघून. उधाणाच्या ओहोटीला बायका रीफवर असतात. तेव्हा दार वाजवलं तर नवरा सांगतो, ‘बायको मासेमारी करत नाही.’ तो खोटं बोलत नसतो. मासेमारी म्हणजे होडी आणि जाळं, हा अर्थ आपल्याच प्रश्नानं त्याच्यासमोर ठेवलेला असतो. विचारायचं ते असं: मागच्या ओहोटीला घरातलं कोण गेलं, काय आणलं, किती टोपल्या? टोपली समोर ठेवायची, भरलेल्या दहा टोपल्या काट्याला लावायच्या, सरासरी काढायची. ‘वर्षाला किती किलो?’ या प्रश्नाला मिळालेलं उत्तर सरळ फेकून द्यावं. मालवणात ‘मच्छीमार’ म्हटलं की यांत्रिक बोटींचं पर्ससीन जाळं आणि किनाऱ्यावरून ओढायची रापण यांचं भांडण आठवतं. खडपात कालवं फोडणारी बाई कुणाला आठवते?

नकाशाही पुरुषांचा वेगळा, बायकांचा वेगळा काढून घ्यायचा. दोन्ही एकमेकांवर ठेवले की बऱ्याचदा दिसतं, पुरुषांनी उदारपणे ‘इथं मासेमारी बंद करू’ म्हणून दाखवलेला तुकडा नेमका बायकांच्या टोपलीचा असतो. मासे सापडण्याच्या खास जागा मात्र अहवालाच्या नकाशात छापायच्या नाहीत. एकदा छापल्या की पुढच्या खेपेला कुणी खरं सांगत नाही.

वेराता भागातल्या उथुनिवानुआ गावानं १९९७ साली २४ हेक्टरांवर तांबू, म्हणजे बंदी, लावला. तिथं प्रवाळही नव्हता, चिखल आणि समुद्री गवत होतं. बंदी होती कायकोसोसाठी, ज्या शिंपल्या बायका गोळा करतात. आणि मोजणी गावकऱ्यांनीच केली. फक्त प्रवाळ मोजायला उतरलेल्या पाणबुड्याला तो चिखल दिसलाही नसता.

आता कबूल करतो, तुलना माझ्या सोयीची आहे. समुद्रतळ इथंही सरकारचाच, पण मासेमारीचे हक्क ४००हून अधिक गोलीगोलींत, म्हणजे त्या त्या कुळांच्या परंपरागत मासेमारीच्या पट्ट्यांत, विभागलेले, त्यामुळे कुणाला विचारायचं ते ठाऊक असतं. कोकणात समुद्र सगळ्यांचा, म्हणजे विचारायचं कुणालाच नाही. रापण संघात वाटा कुणाचा हे पक्कं असतं, पण ती नोंद घेऊन सर्वे सुरू करावा असं आपल्याला सुचत नाही.

इथला समुद्र माझा नाही, हे पहिल्या दिवशीच कळतं; म्हणून वाका पुढे ठेवताना लाज वाटत नाही. मालवणात मीही न विचारताच रेघ ओढली असती. ‘आमचा समुद्र’ म्हणायची सवय फिजीच्या राजधानीत, सुवात राहूनही गेलेली नाही, आणि मालवणातल्या कुठल्याच वाडीच्या यादीत माझं घर कधी नव्हतं.