अँटीव्हायरसमुळे गेम अडकत होता, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे

नमस्कार,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. आमच्याकडून घेतलेल्या गेमिंग पीसीवर गेम सारखा लॅग मारतो, दाखवायला आणला तेव्हा आम्ही ‘ग्राफिक्स कार्ड बदला’ म्हणून सांगितलं, आणि शेवटी तुम्ही स्वतःच अँटीव्हायरस बंद केल्यावर गेम सुरळीत चालला, असं तुम्ही लिहिलंय. तक्रार खरी आहे. कार्ड बदलायचा सल्ला चुकीचा होता. त्याबद्दल मी मनापासून माफी मागतो.

त्या दिवसाची सर्व्हिसची नोंद मी काढून पाहिली. मशीनवर दोन अँटीव्हायरस चालू होते, हे त्यात सरळ लिहिलंय. एक आम्हीच मशीन देताना टाकलेला, ट्रायलचा. दुसरा नंतर आलेला. आमच्या माणसानं ग्राफिक्स कार्डाचा वापर पाहिला, तो वरखाली होताना दिसला आणि कार्ड कमी पडतंय असं त्यानं ठरवून टाकलं. खरं तर कार्ड कमी पडत असेल तर त्याचा वापर सतत १०० टक्क्यांच्या आसपास राहतो. तो मध्येच खाली येत असेल तर कार्ड कशाची तरी वाट बघत बसलेलं असतं. हे आमच्या लक्षात यायला हवं होतं.

वाट बघावी लागते ती फायलींची. गेम एखादी फाइल उघडायला गेला की अँटीव्हायरस ती आधी तपासतो आणि मगच पुढे सोडतो. एरवी हे जाणवतही नाही. पण नव्या भागात शिरताना गेम टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं), आवाज, शेडर (रंग-प्रकाश ठरवणारे छोटे प्रोग्राम) अशा कितीतरी फायली एका दमात मागतो, आणि खेळ चालू असतानाच शेडर कॅशमध्ये (तयार शेडर साठवायच्या जागेत) नव्या लिहितोही. ६० एफपीएसला, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं (फ्रेम) दाखवताना, एका फ्रेमसाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ ला तर ६.९. तेवढ्यात काम उरकलं नाही की चित्र क्षणभर अडकतं, झटका बसतो. म्हणूनच सरासरी एफपीएस छान दिसतो आणि तरी खेळताना वैताग येतो. तुमच्या मशीनवर तर एकाच फाइलची तपासणी दोन-दोनदा होत होती.

पण एक विनंती आहे. अँटीव्हायरस तसाच बंद ठेवू नका. मॉड (गेममध्ये बदल करणाऱ्या फायली) किंवा चीटच्या नावाखाली पासवर्ड चोरणारे प्रोग्राम गेम खेळणाऱ्यांनाच गाठतात, आणि वर्षानुवर्षं जमवलेलं गेमचं खातं एका रात्रीत हातचं जातं.

आधी दोन्हींपैकी एक काढा. नुसतं अनइन्स्टॉल केल्यावर कधी कधी त्याचे ड्रायव्हर (विंडोजच्या आत बसलेले भाग) मागे राहतात, म्हणून त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल चालवा आणि मशीन रीस्टार्ट करा. माझं मत विचाराल तर दोन्ही काढले तरी चालतील. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर असतोच, दुसरा अँटीव्हायरस निघाला की तो आपोआप चालू होतो, आणि घरच्या गेमिंग मशीनला तो पुरतो.

मग गेमच्या फोल्डरला सूट द्या. डिफेंडर वापरत असाल तर विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये जा, तिथे मॅनेज सेटिंग्ज, आणि अगदी खाली एक्सक्लूजन्स. गेमसाठी स्टीम हे ॲप वापरत असाल तर स्टीमॲप्सच्या आतलं ‘कॉमन’ फोल्डर निवडा. फक्त तेवढंच. अख्खा सी ड्राइव्ह, डाउनलोड्स किंवा टेम्प (तात्पुरत्या फायलींचं फोल्डर) तिथे कधीही टाकू नका. सूट दिलेल्या फोल्डरमध्ये जे जाईल त्याची तपासणी होत नाही, त्यामुळे मॉड आधी बाहेर स्कॅन करा आणि मगच आत ठेवा.

पूर्ण स्कॅनची वेळ बदला. मशीन चालू असतं पण तुम्ही खेळत नसता, अशी वेळ धरा. अँटीव्हायरसमधल्या ‘गेम मोड’वर फार विसंबू नका. तो सहसा नोटिफिकेशन आणि ठरलेले स्कॅन थांबवतो, फायलींची तपासणी चालूच राहते. शिवाय गेम बॉर्डरलेस विंडोमध्ये (पूर्ण पडदाभर, पण साध्या खिडकीसारखा) असेल तर काही वेळा गेम चालू आहे हेच त्याला कळत नाही.

एवढं करूनही अडकला, तर गेम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि डिस्कचा रकाना बघा. ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ म्हणजे डिफेंडर. तो सगळ्यात वर असेल तर एकतर स्कॅन चालू आहे किंवा सूट चुकीच्या फोल्डरला दिली गेलीय. तो शांत असूनही झटके बसत असतील तर कारण वेगळं आहे. गेम हार्ड डिस्कवर असतील तर आधी ते एसएसडीवर (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्कवर) हलवा, त्यानं सेटिंगपेक्षा जास्त फरक पडेल.

यापुढे आम्ही कुठल्याही मशीनवर न विचारता ट्रायलचा अँटीव्हायरस टाकणार नाही. त्या भेटीचं तपासणी शुल्क तुम्हाला परत करतोय. हे सगळं स्वतः करायचं नसेल तर मशीन घेऊन या, पैसे लागणार नाहीत. ज्या गेममध्ये त्रास होतो तो मशीनवर असू द्या, तुमच्यासमोरच चालवून बघू.