किती पळते?

पेट्रोल पंपावर, सिग्नलला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गेली नऊ वर्षं मला हाच प्रश्न विचारला जातो. पांढरी गाडी, लाल आरसे, बाजूला लाल पट्टे, चाकाच्या मधोमध विंचू. कॉलेजची पोरं दुचाकी बाजूला लावतात, वाकून आत बघतात आणि विचारतात, "दादा, किती पळते?" परवा चांदणी चौकाजवळच्या पंपावर पुन्हा तेच झालं. त्या मुलाला जे सांगायचं होतं ते दोन मिनिटांत सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझी गाडी फियाटची अबार्थ पुंटो. 2015 च्या ऑक्टोबरमध्ये ती भारतात आली तेव्हा दिल्लीची एक्स-शोरूम किंमत 9.95 लाख होती. 1.4 लिटरचं टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन, 145 हॉर्सपॉवर, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि हे सगळं आपल्या पुण्याजवळ रांजणगावला बनलेलं. दहा लाखांच्या आत एवढी ताकद तेव्हा दुसरं कुणीच देत नव्हतं. काटेकोर बोलायचं तर ही स्पोर्ट्स कार नव्हे, हॉट हॅचबॅक, म्हणजे छोटी पण ताकदवान गाडी. पण मध्यमवर्गीय घरातून आलेल्या माझ्यासारख्याला वेगवान गाडीची चव तिनेच दाखवली. 2016 च्या दिवाळीत ती घरी आली. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, तिच्याभोवती एक चक्कर मारली, बॉनेट उघडायला लावलं आणि बराच वेळ आत बघत उभे राहिले.

अण्णांकडे प्रीमियर पद्मिनी होती, म्हणजे मूळची फियाटच. आमच्या घरात 'ट्युनिंग' हा शब्द तेव्हापासूनचा. रविवारी सकाळी ते ठिणगीचे पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, स्क्रू ड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे करायचे आणि डोळे मिटून इंजिन ऐकायचे. मी बाजूला टॉर्च धरून उभा. गाडी सुसाट पळावी म्हणून हे चाललेलं नसायचं. ती नीट श्वास घेतेय ना, एवढंच त्यांना बघायचं असायचं.

मला मात्र सुसाट पळवायची होती. गाडी घेतल्यावर वर्षभरातच मी रिमॅप करून घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिनचा कॉम्प्युटर ठरवतो की टर्बोने किती दाबाने हवा भरायची, पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी नेमकी कधी पाडायची. या तिन्हींचे तक्ते बदलले की त्याच इंजिनातून जास्त ताकद निघते. एकही पार्ट बदलावा लागत नाही. लॅपटॉप जोडला, फाइल चढवली, तासाभरात काम संपलं. कुणी केलं ते नाव लिहीत नाही. त्यांनी ना डायनोवर, म्हणजे चाकांवरची ताकद मोजायच्या यंत्रावर, गाडी चढवली, ना रस्त्यावर इंजिनच्या नोंदी, म्हणजे लॉग, घेतले. "साहेब, स्टेज वन झालं, आता मजा करा," एवढंच.

आणि मजा आलीच, खोटं कशाला बोलू! दोन हजार आरपीएमच्या पुढे जो धक्का पाठीला बसायचा त्याने चेहऱ्यावरचं हसू जात नव्हतं.

मग मे महिन्यात अण्णांना घेऊन साताऱ्याला निघालो. खंबाटकी घाट, भर दुपार, एसी चालू, तिसरा गिअर. ओव्हरटेक करायला पाय दाबला. अण्णा शेजारी डोळे मिटून बसले होते. ते म्हणाले, "ही खडखडतेय रे."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी म्हणालो, "अण्णा, ही पद्मिनी नाही, यात सेन्सर असतात."

"असतील. पण टायमिंग पुढे आहे, ठिणगी लवकर पडतेय."

पुण्याला परतल्यावर एका मित्राने स्कॅनर लावून लॉग काढला. अण्णा बरोबर होते. इंजिन नॉक करत होतं. ठिणगीने पेटवलेली ज्वाला सिलिंडरभर पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप पेटतं, त्याला नॉकिंग म्हणतात. हातोडीचे बारीक बारीक ठोके पिस्टनवर पडत राहावेत तसा तो प्रकार. नॉक सेन्सर ते ओळखतो आणि ठिणगी मागे ढकलतो. म्हणजे बिचारा कॉम्प्युटर सतत इंजिन वाचवत बसला होता, आणि जी वाढीव ताकद मी पैसे मोजून घेतली होती ती नेमकी उन्हाळ्यात, घाटात, म्हणजे जिथे हवी तिथेच गायब व्हायची. ती फाइल थंड हवेच्या देशातल्या चांगल्या पेट्रोलसाठी लिहिलेली असावी. आपल्याकडे तेव्हा बहुतेक पंपांवर 91 ऑक्टेनचंच पेट्रोल मिळायचं. ऑक्टेन कमी म्हणजे नॉकिंगला प्रतिकार कमी. त्यात टर्बोने दाबलेली हवा आधीच तापलेली, वर बाहेर चाळीस अंश.

त्यानंतर पंधरा दिवसांत क्लच सरकायला लागला. चौथ्या गिअरला पाय दिला की आरपीएमचा काटा वर जायचा आणि गाडी तिथेच. सोबत तो जळका वास. कंपनीने क्लच 145 घोड्यांचा हिशोब धरून दिलेला. मी त्याच्यावर जास्तीचं ओझं टाकलं आणि त्याला विचारलंही नाही.

तिथून माझं खरं शिक्षण सुरू झालं, नाना पेठेत. स्पेअर पार्टच्या दुकानांमागे एका बोळात चाचांचं गॅरेज आहे. चाळीस वर्षं फियाट उघडलेला माणूस. त्यांनी आधी गाडी मूळ फाइलवर आणायला लावली. मग विचारलं, "टायमिंग बेल्ट कधी बदलला? ब्रेक ऑइल?" माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, ओल शोषली की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, आणि लांब उतारावर सारखा ब्रेक दाबला की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. मग पाय पॅडलवर असतो आणि पॅडल स्पंजासारखं खाली जातं. वरंधा घाटात हे ज्याने एकदा अनुभवलं तो आयुष्यात पुन्हा हॉर्सपॉवरची बढाई मारणार नाही. मी अनुभवलंय. हँडब्रेक आणि पहिला गिअर, यांच्यामुळे आज लिहितोय.

पुढचं दीड वर्ष चाचांनी मला एक घोडासुद्धा वाढवू दिला नाही. आधी टायर, कारण अख्ख्या गाडीचा रस्त्याशी संबंध तळहाताएवढ्या चार ठिपक्यांपुरता असतो. मग ब्रेकचे चांगले पॅड आणि ताजं तेल. मग शॉकअप, बुश, अलाइनमेंट. या दीड वर्षात गाडी डायनोवर तसूभरही वाढली नसती, पण ताम्हिणीतल्या ओल्या वळणावर स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळायला लागला. हायड्रॉलिक स्टिअरिंग आहे हिचं. आताच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या गाड्या चालवून मी पुन्हा हिच्यात बसतो तेव्हा कुणीतरी कानातला कापूस काढल्यासारखं वाटतं.

ताकद त्यानंतर वाढली. टर्बोतली तापलेली हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर, जड क्लच, नवे प्लग, आणि दुसऱ्या एका ट्यूनरने डायनोवर दिवसभर बसून, दर रनला नॉक बघत लिहिलेली फाइल. चाकांवर आधी 124 हॉर्सपॉवर होती, नंतर 146. बावीसच घोडे. त्या दिवशी त्या मुलाने आकडा ऐकून "बस्स?" असा चेहरा केला. पण हे बावीस मे महिन्यातल्या खंबाटकीतही हजर असतात. अण्णांना पुन्हा शेजारी बसवून तोच घाट चढलो. वर पोचेपर्यंत ते काहीच बोलले नाहीत. मला तेवढं पुरलं.

विंचवाबद्दल सांगायचं राहिलं. कार्लो अबार्थ जन्मला व्हिएन्नात, रास वृश्चिक, म्हणून बिल्ल्यावर विंचू. 1949 मध्ये इटलीत त्याने कंपनी काढली आणि साध्या फियाट गाड्यांसाठी सायलेन्सर आणि ट्युनिंगचे किट विकायला सुरुवात केली. नोकरदार माणसाच्या फियाट 600 ला बसवायचं किट लाकडी पेटीतून यायचं. आणि 1965 साली, पन्नाशी ओलांडलेली असताना, एका छोट्या विक्रमी गाडीत मावता यावं म्हणून या माणसाने स्वतःचं जवळपास तीस किलो वजन कमी केलं, सफरचंदं खाऊन! इंजिनातून आणखी काही काढण्याआधी त्याने चालकाचं वजन उतरवलं. ही गोष्ट मला फार आवडते. ट्युनिंगचं अख्खं शास्त्र तिच्यात आहे.

आता जे लिहिणार आहे त्याने काही मित्र दुखावतील.

रात्री साडेअकराला सेनापती बापट रस्त्यावर सायलेन्सरमधून फटाके फोडत जाणाऱ्यांना मी आपल्यातलं मानत नाही. फटाके म्हणजे पेट्रोल एग्झॉस्टमध्ये जाळणं. त्याने गाडी पळत नाही, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो, आणि वरच्या मजल्यावरचं तान्हं बाळ दचकून उठतं. 19 मे 2024 ला कल्याणीनगरमध्ये पोर्शच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्या आठवड्यात आमच्या लिफ्टमध्ये एका काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली. मला राग आला नाही. त्यांचा मुलगा रोज रात्री दुचाकीवरून कामावरून परततो. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तसंच पाहिलं असतं. ताशी 100 ऐवजी 120 ने गेलं की थांबवायची ऊर्जा 44 टक्क्यांनी वाढते, वेगाच्या वर्गाने. एक्स्प्रेसवेवर कारला शंभरची मर्यादा आहे, घाटात साठची, आणि माझी गाडी तिथे त्याच वेगाने जाते. दीडशे घोडे असलेल्याने ते पाळायला दोनशे कारणं आहेत.

पण दुसरी बाजूही तितक्याच तळमळीने सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसी बुकातल्या आणि निर्मात्याने दिलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कायदा असावा, कडक असावा, याबद्दल माझं दुमत नाही. माझी तक्रार अशी की रीतसर करून घ्यायला दार कुठे आहे? सीएनजी किटला ते दार आहे. मान्यताप्राप्त किट, अधिकृत ठिकाणी बसवलेलं, आरटीओकडे दाखवायचं, आरसी बुकात नोंद, विमा कंपनीला कळवायचं, झालं. डिकीत दाबाखालच्या गॅसची टाकी आपण नियमात बसवू शकतो, मग तपासलेला इंटरकूलर आणि प्रदूषण मर्यादेत राहणारी फाइल का नाही? जर्मनीत ट्यूफ या वाहनं तपासणाऱ्या संस्थेचा तपासनीस पार्टचा दाखला बघतो, गाडी बघतो आणि कागदावर नोंद करतो. चुकीचं असेल तर काढायला लावतो. आपल्याकडे कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे, 1966 पासून. देशातल्या गाड्या तिथे तपासल्या जातात. ज्ञान आहे, यंत्रं आहेत, माणसं आहेत. एक प्रमाणपत्र सुरू करा, भरपूर फी लावा, आवाज आणि धूर मोजा, ब्रेक तपासल्याशिवाय ताकदीला परवानगीच देऊ नका. मी पहिल्या दिवशी रांगेत उभा राहीन. आज सगळं चोरून चालतं, आणि चोरून चालतं म्हणूनच माझ्यासारख्याला कुणाचीही फाइल कुणाकडूनही चढवून घ्यावी लागते. माझा पहिला क्लच त्यातच गेला. माझ्या गाडीची आजची कागदपत्रं पूर्ण स्वच्छ आहेत असं मी म्हणू शकत नाही, आणि याची मला खरोखर लाज वाटते.

आणि पळवायची कुठे? त्याचं उत्तर ट्रॅक. दोन वर्षांपूर्वी मी कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेला गेलो. एस. करिवर्धन यांच्या नावाचा हा ट्रॅक, ज्यांनी मारुतीच्या छोट्या इंजिनावर फॉर्म्युला मारुती रेस कार बनवून इथल्या पोरांना रेसिंग परवडेल असं केलं. दोन किलोमीटरच्या थोडा वरचा आहे. पहिल्या दहा लॅपमध्ये मला कळलं की रस्त्यावर मी स्वतःला जेवढा चांगला चालक समजत होतो त्याच्या निम्माही नाही. प्रत्येक वळणाला ब्रेक उशिरा मारायचो आणि आत जास्त वेगाने शिरायचो. शेजारी बसलेले प्रशिक्षक सारखं म्हणत होते, "हळू आत, जोरात बाहेर." दुपारपर्यंत गाडी तीच, टायर तेच, आणि लॅप चार सेकंदांनी कमी.

त्या चार सेकंदांना पैसे पडले ट्रॅकच्या फीचे आणि पेट्रोलचे. माझ्या बावीस घोड्यांचं बिल सांगितलं तर घरात भांडण होईल.

फियाटने 2019 मध्ये भारतातली गाड्यांची विक्री थांबवली, त्यामुळे पार्ट शोधणं हा आता आमच्या ग्रुपचा निम्मा वेळ आहे. कुणी इटलीहून येताना बॅगेत बेल्टचा टेन्शनर आणतो, कुणी फियाटचीच जुनी लिनिया भंगारात जाण्याआधी तिचं इंजिन सोडवतो. माझा टायमिंग बेल्ट मागवलाय, पुढच्या शनिवारी चाचांकडे बसवायचाय. अण्णा यायचं म्हणतायत. हाताला कंप आहे आता, स्क्रू ड्रायव्हर धरवत नाही. पण इंजिन चालू झाल्यावर ऐकायला त्यांना तिथे हजर राहायचंय.

चांदणी चौकातल्या त्या मुलालाही बोलावलंय. टॉर्च धरायला कुणीतरी लागेल.